सातबारा नाशिकचा, कुलूप परदेशात

गंगापूर रोड, इंदिरानगर, पंचवटी, नाशिक रोड, कुठल्याही सोसायटीत जा. एखादा फ्लॅट असा निघतोच जिथे आई-वडील दोघंच राहतात आणि मुलगा किंवा मुलगी दुबईत, न्यू जर्सीत, म्युनिकमध्ये नाहीतर मेलबर्नला. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या गावांतही हे आता नवीन राहिलेलं नाही. घर इथलं, जमीन इथली, घरपट्टी इथली, बँकेचं खातं इथलं. माणूस तेवढा तिकडे. रात्रीची जेवणं झाली की हा माणूस लॅपटॉप उघडतो. आधी गावाकडचं एखादं सरकारी काम उरकायचं असतं, मग एखादी मराठी मालिका बघायची असते. अनेकदा दोन्हीकडे निरोप एकच मिळतो, शब्द तेवढे वेगळे. एकीकडे कोऱ्या पडद्यावर ‘४०३’ (म्हणजे प्रवेश नाकारला), दुसरीकडे ‘हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’.

ही दोन कुलुपं दिसायला सारखी असली तरी त्यांचे मालक वेगळे आहेत. मालिकेचं कुलूप दुकानदाराचं आहे. त्याने माल कुठे विकायचा याचे करार केलेले असतात आणि त्या करारांवर भांडता येतं, घासाघीस करता येते. सरकारी दाखल्याचं कुलूप मात्र आपल्याच घराला आहे, आणि ते दुसऱ्या कुणीतरी बाहेरून लावलंय. दोन्हींबद्दल माझं म्हणणं एकच आहे: कुलूप लावायचंच असेल तर माणूस ओळखून लावा. तो कुठे उभा आहे एवढंच बघून दार बंद करणं ही पद्धत तांत्रिकदृष्ट्या कच्ची आहे आणि नागरिकाच्या बाबतीत अन्यायाची आहे.

कच्ची कशी, ते आधी बघू. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला आयपी पत्ता असतो. हे पत्ते जगात पाच संस्था वाटतात. आशिया-पॅसिफिकचं काम ब्रिस्बेनच्या एपनिककडे, युरोप आणि आखाताचं ॲमस्टरडॅमच्या राइपकडे. भारतासाठी एपनिकच्या खाली आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी आहे. पत्त्यांचा कोणता गठ्ठा कोणत्या कंपनीला दिला याची नोंद उघड असते. त्या नोंदीवरून आणि जोडणी कोणत्या वाटेने जाते यावरून मॅक्समाइंडसारख्या कंपन्या ‘अमुक पत्ता अमुक देशातला’ अशा याद्या बनवून विकतात. संकेतस्थळाचा फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारेकरी प्रोग्राम, ती यादी बघतो आणि निकाल देतो. देश बहुतेक वेळा बरोबर निघतो, शहर अनेकदा चुकतं. नाशिकमध्ये बसलेल्या माणसाला मुंबई-पुण्याच्या दुकानांच्या जाहिराती दिसतात त्या यामुळेच. अमेरिकेत तर, नेमकं ठिकाण ठाऊक नाही असे कोट्यवधी पत्ते एका यादीने देशाच्या मध्यावरचा बिंदू म्हणून कॅन्सस राज्यातल्या एका शेतघरावर टाकून ठेवले होते. २०१६ मध्ये हे उघडकीला येईपर्यंत त्या शेतघराच्या दारात पोलीस, तपास अधिकारी आणि संतापलेली माणसं येत राहिली. अंदाजाची यादी आहे ती. जाहिरात दाखवायला चालेल. हक्काचा कागद नाकारायला चालत नाही.

करमणुकीच्या कंपन्या एवढ्यावर थांबत नाहीत. त्या फोनमधल्या सिमचा देशाचा कोड बघतात (भारताचे ४०४ आणि ४०५), पैसे भरलेलं कार्ड कुठल्या देशाचं आहे ते बघतात, ॲप स्टोअरचं खातं कुठलं ते बघतात, काही जण घड्याळाची वेळ आणि (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा) डीएनएस सर्व्हरसुद्धा ताडून पाहतात. म्हणून दुबईत गेलेल्या माणसाला भारतीय ॲप मिळण्यापासूनच अडचण येते. गुगल प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो. ॲपलच्या खात्याचा देश बदलायचा तर आधी खात्यातली शिल्लक संपवावी लागते आणि चालू वर्गण्या रद्द कराव्या लागतात. परदेशी जाणाऱ्याने निघण्याआधी भारतीय बँकेची, सरकारी कामांची आणि वर्गणीची सगळी ॲप भारतात असतानाच उतरवून, एकदा लॉगिन करून ठेवावीत. तिकडे पोहोचल्यावर स्टोअरचा देश बदलायची घाई करू नये.

साइट उघडली नाही म्हणजे देशाच्या नावानेच अडवलंय असं धरून चालू नका. ‘४०३’ आलं तर सर्व्हरने जाणूनबुजून नाकारलंय. ‘४५१’ आलं तर कायदेशीर कारणासाठी नाकारलंय. हा आकडा २०१६ पासून याच कामासाठी राखलेला आहे. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला तेव्हा कायदा पाळण्यापेक्षा वाचक नको म्हणून काही अमेरिकी वृत्तपत्रांनी युरोपातल्या वाचकांना हाच आकडा दाखवला. नुसतंच चक्र फिरत राहून शेवटी ‘वेळ संपली’ असं आलं तर मात्र निदान कठीण होतं, कारण काही फायरवॉल नकारही देत नाहीत, आलेली विनंती गुपचूप टाकून देतात. आणि साइट खरोखर बंद पडली तरी हेच दिसतं. त्यासाठी नाशिकच्या घरच्यांना त्याच मिनिटाला तीच साइट मोबाइल डेटावर उघडायला सांगावं. तिथे उघडली आणि तुमच्याकडे नाही, तर तुमचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर करून बघा. कंपनीच्या लॅपटॉपवर असाल तर तो आधी बाजूला ठेवा. अनेक कंपन्यांची सगळी ये-जा भलत्याच देशातल्या कार्यालयातून बाहेर पडते. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात बसून युरोपातल्या मुख्यालयाच्या जाळ्यातून काम करणाऱ्यालाही भारतीय साइट ‘तुम्ही परदेशात आहात’ म्हणून परत पाठवू शकते, ते यामुळे.

आता सरकारी कुलपाकडे. केंद्र आणि राज्य सरकारच्या बऱ्याच संकेतस्थळांवर परदेशी आयपी सरसकट अडवले जातात. काही कायम, काही अधूनमधून. कारण सुरक्षेचं दिलं जातं, आणि ते खोटं नाही. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार या दोघांनी आपल्या संकेतस्थळांवर परदेशातून येणारी ये-जा काही काळ रोखली. सर्व्हरवर एकाच वेळी लाखो खोट्या विनंत्यांचा मारा होत असेल तर तात्पुरता बांध घालावाच लागतो. ज्या कार्यालयात सुरक्षेसाठी वेगळा माणूस नाही तिथे परदेशी ये-जा बंद केली की रोजच्या चाचपण्या पुष्कळ कमी होतात, हेही मान्य. त्या कार्यालयातल्या संगणक विभागाच्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. दोन माणसांत चार माणसांचं काम तो करत असतो.

पण तात्पुरता बांध कायमची भिंत झाली की हिशेब उलटा होतो. हल्ला करणाऱ्याला भारतातला आयपी मिळवणं अवघड नाही. भारतातल्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर महिन्याला काही शे रुपयांत भाड्याने मिळतो, आणि व्हायरस लागलेले घरगुती राउटर अन् कॅमेरे देशात भरपूर आहेत. म्हणजे ज्याच्यासाठी भिंत घातली तो खिडकीतून आत, आणि घरचा माणूस अंगणात उभा.

अंगणातला माणूस मग काय करतो? इथेच सुरक्षेच्या दाव्याची खरी परीक्षा आहे. तो वडिलांना फोन करून स्वतःचा पासवर्ड सांगतो. बँकेचा ओटीपी व्हॉट्सॲपवर पाठवतो किंवा मागवतो. वडिलांच्या संगणकावर दुरून ताबा घेणारं ॲप बसवतो. त्याच ॲपची सवय लागलेले वडील उद्या ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या भामट्यालाही त्या ॲपचा ताबा देणारा कोड वाचून दाखवतात. एजंटला पाचशे रुपये देऊन आधारची प्रत पाठवतो. नाहीतर फुकटचं व्हीपीएन, म्हणजे आपली ये-जा दुसऱ्याच ठिकाणाहून होतेय असं दाखवणारी सेवा, उतरवतो. फुकट व्हीपीएनचं काय होतं ते २०१५ मध्ये होला या सेवेच्या बाबतीत जगासमोर आलं: वापरणाऱ्यांच्याच घरगुती जोडण्या दुसऱ्या कंपनीमार्फत अनोळखी ग्राहकांना विकल्या जात होत्या. ज्या कुलपामुळे माणसं चावी उंबऱ्यावर ठेवायला लागतात, त्या कुलपाने घर सुरक्षित झालं असं मला म्हणता येत नाही.

आणि आयपीची भिंत ओलांडली तरी पुढे दहा आकड्यांची चौकट असते. महाभूलेख या राज्याच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर बिनसहीचा सातबारा बघायचा तर जिल्हा नाशिक, तालुका निफाड, गाव, गट क्रमांक एवढं निवडून झाल्यावर मोबाइल क्रमांक विचारला जातो. चौकट दहा आकड्यांची. दुबईचा क्रमांक अधिक ९७१ ने सुरू होतो, त्याला तिथे जागाच नाही. डिजिटल सहीचा सातबारा प्रतीला पंधरा रुपयांत मिळतो, सरकारी कामात चालतो, आणि ती सोय खरोखर चांगली आहे. पण तिचाही ओटीपी भारतीय क्रमांकाला सरावलेला. आधारचा ओटीपी तर फक्त भारतीय मोबाइलवरच जातो, आणि डिजिलॉकरपासून ई-सहीपर्यंत कितीतरी गोष्टी त्या ओटीपीवर उभ्या आहेत.

म्हणून परदेशी राहणाऱ्याने भारतीय सिम मरू देऊ नये. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे नव्वद दिवस काहीच वापर नसलेलं प्रीपेड सिम कंपनी बंद करू शकते. खात्यात किमान वीस रुपये शिल्लक असेल तर वीस रुपये कापून मुदत वाढवायची तरतूद आहे. प्रत्यक्षात एसएमएस येत राहायला हवेत तर वैध प्लॅन चालू ठेवावा आणि निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावं. रोमिंगवर येणारा एसएमएस सहसा फुकट असतो, डेटा मात्र बंद ठेवावा. ई-सिम करून घेतलं तर स्थानिक सिमसाठी जागाही मोकळी राहते. एक चूक फार जण करतात: नाशिकचं सिम आईच्या फोनमध्ये घालून जातात. सोयीचं वाटतं, पण पुढची सगळी वर्षं प्रत्येक व्यवहाराला आईला उठवावं लागतं, आणि फोन हरवला की खातंही अडकतं.

दुसरा मार्गही आपल्याकडे आधीच काढलेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने परदेशस्थ भारतीयांच्या एनआरई आणि एनआरओ खात्यांना परदेशी मोबाइल क्रमांकावर यूपीआय वापरायची परवानगी दिली. सुरुवातीला दहा देश होते: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन. पैशाच्या व्यवहाराला अधिक ९७१ चालतो, तर सातबारा नुसता डोळ्यांनी बघायला का चालू नये? आणि भारताचं ई-व्हिसाचं संकेतस्थळ आठवा. ते सरकारीच आहे, तिथे पासपोर्टची माहिती भरली जाते, पैसे घेतले जातात, आणि त्याचे जवळजवळ सगळे वापरणारे परदेशातच बसलेले असतात. पर्यटकासाठी जे दार जगभर उघडं ठेवता येतं ते नागरिकासाठी ठेवता येत नाही, हे मला पटत नाही.

करायचं काय तेही अवघड नाही. नुसती बघायची पानं आणि बदल करायची पानं वेगळी ठेवावीत. नकाशे, अर्जाचे नमुने, शासन निर्णय, घरपट्टीचे दर, बाजारभाव ही उघडी माहिती आहे, तिच्या प्रती बाहेरच्या वितरण जाळ्यावर ठेवल्या की मूळ सर्व्हरवर भारही येत नाही. जिथे लॉगिन आहे तिथे एका खात्याला, एका पत्त्याला मिनिटाला किती विनंत्या एवढी मर्यादा घालावी. ओटीपी ईमेलवरही द्यावा. आणि एखाद्या देशातून दार बंद करणं अगदीच भाग असेल तर कोरं ‘४०३’ न दाखवता मराठीत चार ओळी लिहाव्यात: का बंद आहे, कधीपर्यंत, आणि तोवर कुठल्या ईमेलवर लिहायचं. चार ओळींनी माणसाचा आठवडा वाचतो.

हे होईपर्यंत ज्याचं काम अडलंय त्याने काय करावं? खरेदी-विक्री, हक्कसोड, वारसनोंद असलं मोठं काम असेल तर तांत्रिक पळवाटेच्या मागे न लागता घरच्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करावं. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं आणि मूळ कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं. ही तीन महिन्यांची अट विसरली की नोंदणी कार्यालयात खेटे सुरू होतात.

रोजच्या किरकोळ कामासाठी लोक व्हीपीएनकडे वळतात आणि तिथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी अशी माहिती पाच वर्षं जपून ठेवायचा आदेश दिला. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. आज त्यांच्या यादीत ‘भारत’ दिसतो तो आभासी असतो: यंत्र सिंगापूरला किंवा लंडनला, आणि पत्त्याची नोंद तेवढी भारताची. एका यादीत तो पत्ता भारतीय दिसतो, दुसरीत सिंगापूरचा, तिसरी ‘हा डेटा सेंटरचा पत्ता, घरगुती नाही’ म्हणून बाजूला काढते. पैसे भरून घेतलेलं व्हीपीएन सरकारी किंवा बँकेच्या साइटवर चालत नाही, अर्धवट चालतं, आज चालतं आणि उद्या बंद पडतं, ते यामुळे. बँक तर एकाच तासात खातं दुबई आणि सिंगापूर दोन्हीकडून उघडलेलं पाहून ते गोठवूही शकते.

जिथे राहतो तिथला कायदाही बघावा. संयुक्त अरब अमिरातीत व्हीपीएन मुळातच गुन्हा नाही. पण २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यात, गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी खोटा आयपी वापरला तर कैद किंवा पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तिथे व्हॉट्सॲपवरचा कॉल अडवलेला असतो आणि घरी बोलायला म्हणून लोक सर्रास व्हीपीएन लावतात. ‘सगळेच लावतात’ हा काही बचाव नाही.

सर्वांत विश्वासाची वाट नाशिकच्या स्वतःच्या घरातून जाते. टीव्हीखालच्या कप्प्यात, राउटरच्या शेजारी, एक छोटं यंत्र ठेवायचं आणि परदेशातला लॅपटॉप त्याच्यामार्फत इंटरनेटवर न्यायचा. समोरच्या साइटला मग तुम्ही घरीच बसलेले दिसता, आणि तो पत्ता खरोखर तुमच्या घरचाच असतो. यंत्र म्हणून रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक पुरतो. त्यावर वायरगार्ड हा दोन ठिकाणांमध्ये खासगी बोगदा तयार करणारा प्रोग्राम बसवायचा, राउटरमध्ये यूडीपी पोर्ट ५१८२० (बाहेरून आत यायचं दार) त्या यंत्राकडे वळवायचं, परदेशातल्या उपकरणावर सगळी ये-जा बोगद्यातून जाईल अशी मांडणी करायची. इथे पुढच्या चार ठिकाणी घोडं अडतं.

पहिलं, आणि सर्वांत जास्त वेळा: घरच्या जोडणीला स्वतःचा पत्ताच नसतो. पुष्कळ फायबर कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर पोर्ट कितीही वळवा, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. कंपनीकडून स्थिर आयपी विकत घ्या, नाहीतर टेलस्केलसारखी सेवा वापरा. ती दोन्ही टोकांना बाहेरच्या दिशेने भेटवते, त्यामुळे पोर्टची गरजच राहत नाही. टेलस्केलचं ॲप अँड्रॉइड टीव्हीवर आणि ॲपल टीव्हीवरही चालतं, म्हणजे वेगळं यंत्रही नको. मात्र बाहेर पडायचं टोक म्हणून त्या उपकरणाला व्यवस्थापनाच्या पानावरून मंजुरी द्यावी लागते, आणि त्याच्या किल्लीची मुदत साधारणपणे १८० दिवसांत संपते. ती मुदत बंद करून ठेवली नाही तर सहा महिन्यांनी, नेमकं काम असताना, दार बंद होतं आणि आईला फोनवरून लॉगिन शिकवावं लागतं.

दुसरं, काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर थांबतात. हे बहुतेक वेळा पाकिटाच्या, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या, मापाचं दुखणं असतं. वायरगार्ड १४२० बाइटचं माप धरतं, घरच्या जोडणीची वाट त्याहून अरुंद असेल तर मोठी पाकिटं वाटेत पडतात. माप १२८० वर आणलं की साइट सुरळीत चालू लागते. तिसरं, आयपीव्हीसिक्सची, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची, वाट उघडी राहते: जुन्या पद्धतीचा पत्ता नाशिकचा दिसतो आणि नवीन पद्धतीचा दुबईचा. दोन्ही वाटा बोगद्यातूनच न्याव्यात. चौथं वीज. पहिल्या पावसात वीज गेली की राउटर बंद, यंत्र बंद. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावावा, आणि वीज आल्यावर सगळं आपोआप सुरू होतं का ते निघण्याआधी मुख्य बटण बंद-चालू करून एकदा बघावं.

वेगाचा हिशेबही उलटा असतो. इथे घरच्या अपलोडला महत्त्व आहे, कारण आलेली प्रत्येक गोष्ट घरातून पुन्हा वर पाठवायची असते. न्यू जर्सीहून प्रत्येक क्लिक नाशिकला जाऊन परतायला २०० मिलिसेकंदांहून जास्त घेते. अर्ज भरायला त्याने फरक पडत नाही. पण ही जोडणी घरच्यांच्या नावावर आहे. त्यावरून जे काही होईल त्याचं उत्तर वडिलांना द्यावं लागेल. म्हणून ती किल्ली मित्राला, खोलीतल्या सोबत्याला देऊ नये, आणि ती स्वतःच्या कागदांसाठी वापरावी.

मालिका-सिनेमासाठी मी ती वाट सुचवत नाही. तसं करणं बहुतेक सेवांच्या अटींचा भंग आहे आणि खातं बंद होऊ शकतं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडणं तर आपल्या कॉपीराइट कायद्यातच, २०१२ मध्ये घातलेल्या ६५-अ कलमाखाली, दोन वर्षांपर्यंत कैदेला पात्र आहे. पण अटी पाळा म्हणून सांगतानाच या अटी जुनाट झाल्यात हेही सांगायला हवं.

सिनेमाचा धंदा ‘टेरिटरी’वर उभा राहिला. मुंबई, दिल्ली-यूपी, सीपी-बेरार, निजाम, म्हैसूर, आणि शेवटी ‘ओव्हरसीज’. रिळांचे डबे आगगाडीने जायचे, प्रिंट मोजक्या, प्रत्येक भागाचा वितरक वेगळा. तेव्हा नकाशाप्रमाणे हक्क विकणं साहजिकच होतं. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि नाशिकमधूनच कंपनी चालवलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१४ मध्ये आपले चित्रपट लंडनला नेले ते जहाजातून पेटीत घालून. डीव्हीडीच्या काळात हाच नकाशा तबकडीवर आला: अमेरिका १, युरोप २, भारत ५. अमेरिकेत घेतलेली तबकडी नाशिकच्या प्लेअरवर चालायची नाही. आता डबा नाही, तबकडी नाही, तरी नकाशा तसाच.

क्रिकेटचं समजतं. तिथे प्रत्येक देशातल्या हक्कांसाठी कुणीतरी मोठे पैसे मोजलेले असतात आणि त्या पैशांवर खेळ चालतो. अमेरिकेत विलो, ब्रिटनमध्ये स्काय; ज्याने विकत घेतलंय त्याच्याकडून घ्यावं. मराठी सिनेमाचं दुखणं निराळं आहे. अनेक मराठी चित्रपटांचे परदेशातले डिजिटल हक्क कुणी घेतलेलेच नसतात. भारतातल्या सेवेने फक्त भारतापुरते घेतले, गाण्यांचे हक्क तिसऱ्याकडे, ‘ओव्हरसीज’ रिकामं. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे, माल तयार आहे, विकणारा नेमलेला नाही, तरी कुलूप मात्र लागलेलं. अशा वेळी चोरट्या प्रतीचा फायदा होतो आणि निर्मात्याला एक पैसा मिळत नाही. अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, देशोदेशी मराठी मंडळं आहेत, प्रेक्षक गोळा करून द्यायची त्यांची तयारी असते. निर्मात्यांनी करारात एकच कलम घालावं: प्रदर्शनापासून वर्षभरात ज्या देशाचे हक्क विकले जाणार नाहीत, तिथे तो चित्रपट दर खेळाला भाडं घेऊन आपोआप खुला होईल.

आणि प्रवाशाचा प्रश्न तर युरोपने सोडवून दाखवलाय. १ एप्रिल २०१८ पासून युरोपीय संघात नियम आहे: एका देशात पैसे भरून घेतलेली सेवा, तात्पुरतं दुसऱ्या सदस्य देशात गेल्यावरही, जादा पैसे न घेता तशीच दिली पाहिजे. नव्याने हक्क विकत घ्यावे लागत नाहीत, कारण कायद्याने असं मानलंय की बघणं जिथे माणूस कायम राहतो तिथेच घडलं. राहतो कुठे ते कंपनीने ओळखपत्र, बँक खातं, बिलं यांवरून एकदा तपासायचं. म्हणजे माणूस ओळखायचा. नाशिकहून दोन महिन्यांसाठी मुलीच्या बाळंतपणाला सॅन होजेला गेलेल्या आजीने वर्षाची वर्गणी रुपयांत भरलेली असते. तिची मालिका तिला तिथे ते दोन महिने दिसली तर कुणाचा हक्क बुडतो? भारतीय सेवांनी हे कायद्याची वाट न बघता करावं. आजची अवस्था अशी की नेटफ्लिक्सवर जिथे असाल तिथली यादी दिसते, प्राइमवर परदेशात मोजकी शीर्षकं उरतात, आणि आधी उतरवून ठेवलेले भागही दुसऱ्या देशात चालतीलच असं नाही. सार्वजनिक पैशावर चालणारं तर आधीच खुलं हवं, आणि काही आहेही: आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रं ‘न्यूज ऑन एआयआर’ ॲपवर परदेशातूनही ऐकता येतात.

नाशिकपुढे हा सगळा प्रश्न लवकरच उभा राहणार आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. त्यासाठी वाहनतळ, बंद रस्ते, राहण्याची सोय, हरवलेल्या माणसांची नोंद यांची संकेतस्थळं उभी राहतील. रामकुंडावर गर्दी वाढेल त्या पहाटे सर्व्हरवर मारा होईल, आणि परदेशी ये-जा बंद करायचं बटण कुणाच्या तरी हाताखाली असेल. त्याच क्षणी दुबईत, लंडनमध्ये, न्यू जर्सीत बसलेली हजारो मुलं गर्दीत गेलेल्या आई-वडिलांची खबर शोधत असतील. तेव्हा निविदेतच लिहून घ्या: माहितीची आणि हरवलेल्यांच्या नोंदीची पानं कुठल्याही देशातून उघडतील, मोबाइलच्या चौकटीत देशाचा कोड बसेल, थेट दृश्यांचे हक्क कुणा एकाला देशवार विकले जाणार नाहीत. आणि काम घेणाऱ्याने बिल लावण्याआधी दुबई, लंडन, न्यू जर्सी आणि सिडनी इथल्या घरगुती जोडण्यांवरून ती पानं उघडून, तारीख-वेळ दिसेल अशी छायाचित्रं फाइलला जोडावीत.